सत्तावन्नला शून्य

औद्योगिक वसाहतीत कुठे आग लागली की आमच्या कार्यालयातून आधी अग्निशमन दलाला फोन जायचा, मग पोलीस ठाण्याला आणि त्यानंतर नसीम मॅडमना. पहिल्या दोन ठिकाणांहून ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ मिळायचा. तिसऱ्या ठिकाणाहून बोलणी मिळायची.

“शॉर्ट सर्किट? आत सोडियमचे डबे होते म्हणतोस, वरून पाणी मारलं म्हणतोस, आणि वायरीला कायकू बदनाम करतो रे? ती बिचारी गरीब आहे म्हणून?”

“मॅडम, अधिकृत माहिती तशीच आहे.”

“मग अधिकृत छाप. आणि हे ‘आग लागली’ लिहिणं बंद करा. आग लागत नसते, बेटा. लाकूड, कापूस, थिनर, सगळे जळायला जन्मापासून तयारच असतात. कोणीतरी पहिला धक्का द्यावा लागतो. तो कोणी दिला, ते लिही.”

असे लिहिता यायचे नाही. तरी पुढच्या आगीला पुन्हा त्यांनाच फोन व्हायचा. शहरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक पुष्कळ होते. फोनवर हसवणाऱ्या या एकट्याच.

नसीम इनामदार एका जुन्या शिक्षण संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी अकरावी-बारावी त्यांच्या हाताखाली काढली आणि पुढे पत्रकारितेत गेलो. “जाऊ दे, सगळ्याच रिॲक्शनमधून उपयोगी पदार्थ निघतो असं नाही,” एवढीच त्यांची त्यावरची प्रतिक्रिया होती. उंची बेताची, आवाज मोठा. सलवार-कमीजवर घातलेल्या पांढऱ्या ॲप्रनला आम्लाने पडलेली भोके इतकी होती, की त्याला ॲप्रन म्हणणे ही परंपरा होती. नवा ॲप्रन त्या घेत नसत. भोके दाखवून त्या पहिल्या तासाला सांगत, “हे सल्फ्युरिक. हे नायट्रिक. हे नाश्त्याच्या वेळचं लोणचं.”

राहायला पुंडलिकनगरात. यजमान जहीरभाई यांचे कापडाचे दुकान होते आणि स्वभाव कमालीचा शांत होता. ज्या क्रियेत उष्णता बाहेर पडते ती उष्मादायी आणि जी उष्णता शोषून घेते ती उष्माग्राही, हे पाठ्यपुस्तकातले वर्गीकरण मॅडम माणसांना सर्रास लावत. “आमचे हे उष्माग्राही. मी कितीही पेटले तरी सगळं शोषून घेतात आणि वर विचारतात, भाजीत मीठ आहे का.” जहीरभाई समोरच बसलेले असत. ते मान डोलावून दुजोरा देत.

कॉलेजला त्या स्कूटीवरून येत. फाटकाच्या आत एक गतिरोधक होता. प्राचार्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिथे ब्रेक दाबत. मॅडम दाबत नसत. उलट गाडीचा वेग वाढवत, हवेत उडत आणि दाणकन पलीकडे उतरत. वॉचमनने एकदा हटकले तेव्हा त्याला गाडीवर बसूनच धडा मिळाला. कुठल्याही क्रियेच्या वाटेत आधी एक चढ असतो. तेवढी ऊर्जा असेल तोच पलीकडे जातो, बाकीचे अलीकडे फिरत राहतात. “तुमचे प्राचार्य बघा,” त्या म्हणाल्या, “दहा वर्षं झाली, अलीकडेच फिरतायत.”

प्राचार्य साळुंके यांच्याशी त्यांचे वैर नव्हते. त्या फक्त त्यांचे बारकाईने निरीक्षण करीत. एका स्नेहसंमेलनात साळुंके सर भाषणात म्हणाले, की या संस्थेच्या प्रगतीत आपली भूमिका नम्र उत्प्रेरकाची, म्हणजे कॅटॅलिस्टची राहिली आहे. सर्वांत मोठ्याने टाळ्या मॅडमनी वाजवल्या. नंतर स्टाफरूममध्ये मराठीच्या सरांनी विचारले, एवढे काय आवडले?

“सरांनी खरं सांगितलं ना. कॅटॅलिस्ट म्हणजे काय? रिॲक्शन दुसऱ्यांनी करायची. हा मधे उभा राहतो आणि शेवटी होता तसाच बाहेर पडतो. जरासुद्धा बदल नाही. एकच फरक आहे. कॅटॅलिस्टमुळं काम लवकर होतं.”

प्रयोगशाळेत त्यांच्या जोडीला ज्ञानोबा देवकते होते. पद प्रयोगशाळा परिचराचे. सगळे त्यांना मामा म्हणत. वयाने मोठ्या असूनही मॅडमदेखील मामाच म्हणत. हर्सूलच्या पलीकडच्या एका गावचे ते. घर मेंढपाळांचे, भाऊ अजून मेंढरांमागे. देवकते बारावीनंतर इथे लागले. आम्लाच्या बाटल्यांनी भरलेल्या खोलीत त्यांनी अख्खी नोकरी काढली आणि या काळात त्यांची एक गोष्ट कधी बदलली नाही. त्यांना रसायनांची मनापासून भीती वाटायची.

“मॅडम, हे फुटंल.”

“मामा, हे मीठ आहे.”

“व्हय, पण फुटंल.”

या भीतीपोटी ते सगळे पातळ करून ठेवत. मॅडमनी जेवढे पाणी घालायला सांगितले असेल त्यात स्वतःच्या अंदाजाने आणखी थोडे. मॅडमना हे माहीत होते. द्रावण मुळातच थोडे कडक करायला सांगून त्या हिशेब जुळवत. दोघांत याबद्दल कधी चर्चा झाल्याचे कोणाला आठवत नाही.

अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला त्या अंडे शिजवत.

लोखंडी घमेल्यात चुनकळी, म्हणजे भट्टीतून आलेला कोरडा चुना. मधोमध झाकणाचा स्टीलचा डबा, डब्यात पाणी आणि अंडे. मग त्या चुनकळीवर पाण्याचा तांब्या ओतत. क्षणभर काहीच होत नसे. मग घमेल्यातून आधी कुजबुज, मग फुसफुस, मग सरळ उकळी फुटल्याचा आवाज. वाफेने पुढची रांग दिसेनाशी व्हायची.

“कोणी गॅस पेटवला? कोणी काडी ओढली? मग ही उष्णता आली कुठनं?”

उत्तर त्याच देत.

“भट्टीतनं. दगड भाजताना आत शिरली होती. तेव्हापासून ढेकळात दबा धरून बसलीय. पाणी भेटलं, निघाली बाहेर. उष्णता कुठं मरत नसते, बेटा. दडून बसते. सासूसारखी.”

थोड्या वेळाने डबा उघडला जाई. त्याआधी मॅडम उजव्या हाताची मागची बाजू डब्याला लावत. ही त्यांची खास सवय होती. बीकर, परीक्षानळी, चहाचा कप, तापाने फणफणलेला विद्यार्थी, सगळ्याला आधी हाताची पाठ, मग थर्मामीटर. “तळवा कामं करकरून निबर होतो. मागची कातडी खोटं बोलत नाही.” अंडे सोलून, पर्समधल्या पुडीतले मीठ लावून त्या ते खात. मात्र प्रयोगशाळेत काही खायचे नाही हा नियम असल्यामुळे उंबरठ्याच्या पलीकडे एक पाऊल टाकून, वर्गाकडे तोंड करून खात.

अंड्याची बातमी संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांच्यापर्यंत गेली. विद्येच्या मंदिरात अंडे, असा त्यांचा आक्षेप होता. मॅडमना बोलावणे आले. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या वेळी नानासाहेबांना प्रयोगाला बोलावले आणि डब्यात बटाटा ठेवला. चुन्याची उष्णता जोरात येते, पण फार टिकत नाही. बटाटा आत कच्चा राहिला. नानासाहेबांनी तो दाबून पाहिला.

“हा शिजला नाही.”

“सर, शाकाहाराला धीर लागतो.”

त्यानंतर कागदोपत्री तो प्रयोग बटाट्याचाच राहिला. डब्यात अंडेच असायचे. देवकते मामा त्याला वर्गासमोर न हसता बटाटा म्हणत. “मॅडम, बटाट्याला तडा गेलाय.” “मॅडम, आज बटाटा ब्राउन मिळाला.”

अशाच एका वर्षी चुन्याचा खडा उडून मॅडमच्या डाव्या मनगटावर बसला. मोठा चट्टा पडला. देवकतेंनी त्यांचा हात नळाखाली धरला आणि पाणी चालू असेपर्यंत स्वतःही रडत राहिले. मॅडम त्याच अवस्थेत वर्गाला सांगत होत्या, “बघा, याला म्हणतात उष्मादायी. आणि मामा, तुमचं जे चाललंय त्यानं पाणी खारट होतंय.” वर्ग हसला. देवकते हसले नाहीत. चुनकळीचे पोते ते त्यानंतर लांब काठीने सरकवत.

आता सत्तावन्नचा विषय.

आम्ल आणि अल्कली एकत्र केले की उष्णता निघते. किती निघते, हे मोजण्याचा प्रयोग बारावीला असतो. प्लास्टिकच्या कपात दोन्ही द्रावणे ओतायची, थर्मामीटरने तापमान किती चढले ते पाहायचे, त्यावरून आकडा काढायचा. पुस्तकातले उत्तर सत्तावन्नच्या आसपास आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या पोरांचे उत्तर सत्तावन्न येते. थर्मामीटर फुटलेला असला तरी येते.

मॅडमच्या प्रयोगशाळेत सत्तावन्नला शून्य मार्क होते.

“कपाला झाकण नाही. वर पंखा चालू आहे. तुम्ही काचेची कांडी ढवळताय, ती तापली. कप तापला. तुमची बोटं तापली. एवढ्या सगळ्यांनी आपापला हप्ता काढून घेतल्यावर पुस्तकाएवढी उष्णता शिल्लक राहिली? माझ्या लॅबमध्ये सत्तावन्न आलं म्हणजे प्रयोग झालाच नाही.” अठ्ठेचाळीस आलेल्याला पूर्ण मार्क. पन्नास आलेल्याला पूर्ण मार्क आणि वर प्रश्न, की बाकीची सात कुठे गेली, सांग. सांगता आले तर तो पास. बरोबर उत्तरासाठी नापास होण्याचा मान त्या काळात आमच्यापैकी पुष्कळांना मिळाला. मीही त्यात होतो.

पुढे शहरात इंटिग्रेटेड क्लासेसची लाट आली. मुलगा दिवसभर क्लासमध्ये बसणार, कॉलेजात फक्त नाव. कॉलेजला प्रवेश मिळतात, क्लासला मुले मिळतात, मुलांना हजेरी मिळते. प्रात्यक्षिकाचे मार्क परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना सारखे वाटले जातात. बाहेरचे परीक्षक येतात, जेवतात, सही करून जातात. या व्यवस्थेत कोणाचीच तक्रार नसते.

मॅडमच्या संस्थेनेही एका क्लासशी हात मिळवला. क्लासला वातानुकूलित अभ्यासिकेसाठी मोठी खोली हवी होती. इमारतीत तशी एकच होती, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा.

बैठकीत मॅडम म्हणाल्या, की ज्या पोराने तापलेली परीक्षानळी एकदाही हातात धरली नाही, त्याच्या गुणपत्रकावर मी सही करणार नाही. साळुंके सरांनी दोन्ही बाजूंचे म्हणणे बरोबर असल्याचे सांगितले. शेवटी नानासाहेबांनी निकाल दिला.

“परीक्षेच्या दिवशी मुलं येतील. तुमचा तो उष्णतेचा प्रयोग करतील. त्यांना जमला नाही तर लॅब तुमची. जमला तर वर्षभर एवढी खोली अडवून ठेवण्यात अर्थ नाही, हे तुम्हीच मान्य करा. मग जूनपासून अभ्यासिका.”

“मंजूर,” मॅडम म्हणाल्या.

स्टाफरूममध्ये त्यांना सगळ्यांनी वेड्यात काढले. त्यांचे म्हणणे साधे होते. “खोटं उत्तर आलं तर मी पकडीन. खरं आलं तर माझी लॅब गेली तरी चालेल. पोरांना काहीतरी आलं ना.”

परीक्षेच्या दिवशी क्लासची बस आली. एकाच रंगाच्या टी-शर्टमधली मुले उतरली. प्रयोगवह्या आधीच पूर्ण लिहिलेल्या होत्या, एकाच हस्ताक्षरात असाव्यात इतक्या सुबक. बाहेरचे परीक्षक प्रथेप्रमाणे प्राचार्यांच्या केबिनमध्ये पुरीभाजीला बसले. देवकते मामांनी पहाटेच येऊन टेबलांवर बाटल्या मांडून ठेवल्या होत्या, आम्ल एकीकडे, अल्कली दुसरीकडे. मुलांनी कपात द्रावणे ओतली, थर्मामीटर बुडवले आणि लिहायला लागली.

मॅडम रांगेतून फिरू लागल्या. पहिल्या कपाला त्यांनी हाताची पाठ लावली. गार. मुलाने अजून मिसळलेच नसेल, असे समजून पुढे गेल्या. दुसरा गार. तिसरा गार. चौथ्या मुलाच्या कागदावर तापमानवाढ लिहून झाली होती, उत्तर सत्तावन्न. त्याचाही कप गार. मॅडम भरभर चालू लागल्या. प्रत्येक कपाला हात, प्रत्येक कागदावर नजर. सगळे कप गार आणि सगळीकडे सत्तावन्न.

शेवटच्या टेबलावर एका मुलीचा कागद कोरा होता. ती रडायच्या बेतात होती.

“मॅडम, माझं काहीतरी चुकतंय. पारा हलतच नाही.”

“किती वेळा केलं?”

“चार वेळा. सगळ्यांचं आलं, माझंच येत नाही.”

मॅडमनी तिच्या आम्लाच्या बाटलीत निळा लिटमस कागद बुडवला. आम्लात तो लाल होतो. तो निळाच राहिला. बाटलीत पाणी होते. शेजारच्या टेबलावरच्या आम्लाच्या बाटलीतही पाणी. मॅडमनी वर पाहिले. देवकते मामा खिडकीतून बाहेर, जिथे बघण्यासारखे काहीही नव्हते तिथे, फार लक्ष देऊन बघत होते.

झाले होते ते असे, आणि ते देवकतेंनी बऱ्याच महिन्यांनी मला फाटकाबाहेरच्या टपरीवर सांगितले. “ह्या पोरांनी कधी बाटलीला हात लावला नव्हता, साहेब. एखादं डोळ्यात उडवून घेतलं असतं म्हंजी? मॅडमच्या हाताचं मी बघितलं व्हतं. म्हनलं, पातळ करावं. मग म्हनलं, अजून पातळ करावं. करता करता आमल ऱ्हायलंच नाय.” कोणाच्या लक्षात येईल, असे त्यांना वाटले नाही. उत्तर तर सत्तावन्नच येणार होते.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मॅडमपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसल्या असत्या, तर सगळी मुले पास, नानासाहेब जिंकले आणि जूनमध्ये खोली गेली. बोलल्या असत्या, तर खोली राहिली असती, पण बोर्डाच्या परीक्षेत आम्लाच्या जागी पाणी ठेवणाऱ्या परिचराची नोकरी राहिली नसती.

त्या केबिनच्या दारात गेल्या. परीक्षकांच्या हातात पुरी होती.

“सर, पुरी राहू द्या. इकडं या. एक कप हातात धरून बघा.”

परीक्षक आले. प्राचार्य आले, निकाल बघायला थांबलेले नानासाहेबही आले. परीक्षकांनी एक कप धरला, दुसरा धरला, कागद पाहिले, पुन्हा कप पाहिले.

“हे गार आहेत.”

“होणारच. बाटल्यांत पाणी आहे.”

“पाणी कोणी ठेवलं?” साळुंके सरांनी विचारले.

देवकते खिडकीपासून पुढे सरकले. त्यांनी तोंड उघडले होते.

“मी,” मॅडम म्हणाल्या. “मुद्दाम. नानासाहेब म्हणाले होते, मुलांना प्रयोग जमतो का बघा. बघितलं. पाण्यातनं सत्तावन्न काढलं यांनी. हे इथं काय करतायत? यांना वीज केंद्रावर पाठवा.”

परीक्षकांना हसू आले. ते म्हणाले, “मॅडम, आजवर इतक्या कॉलेजांत गेलो. या परीक्षेत पुरी सोडून काही गरम असतं, हे मला कोणी दाखवलंच नव्हतं.” त्यांनी सकाळचे कागद बाजूला ठेवले आणि दुपारी परीक्षा पुन्हा घेतली.

दुपारी बाटल्यांत आम्ल होते. मॅडमनी स्वतः भरले. देवकते मामा दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन दारात उभे होते. मुलांनी या वेळी घाबरत घाबरत ओतले. पहिल्याच रांगेतला एक मुलगा कप धरून ओरडला, “अरे, गरम झालं! खरंच गरम झालं!” त्याच्या आवाजात राग होता. आजवर ही गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवली होती, असा. मग ते ओरडणे सगळ्या खोलीत पसरले. मुले एकमेकांच्या कपांना हात लावू लागली. कोणी गालाला कप लावला. क्लासचे समन्वयक ‘शांतता ठेवा’ म्हणत फिरत होते आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हते.

उत्तरे आली ती अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, चव्वेचाळीस अशी. एकाचे बासष्ट आले.

“पाच जादा कुठनं आणली रे? घरनं डब्यात?”

त्याने कबूल केले, की घाबरून कप मुठीत गच्च धरला होता. मॅडमनी त्याला पूर्ण मार्क दिले. सकाळी कागद कोरा ठेवणाऱ्या मुलीचे पन्नास आले. तिला त्यांनी फक्त “सकाळी तुझंच एकटीचं बरोबर होतं” एवढे सांगितले. मग सगळ्यांच्या गुणपत्रकावर सही केली.

संस्थेने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. त्यांचे उत्तर एका वाक्याचे होते. आम्ल आणि पाणी यांतला फरक ओळखता यावा, ही बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडून ठेवलेली अपेक्षा अवाजवी आहे काय, हे संस्थेने लेखी कळवावे. संस्थेने कळवले नाही. बातमी मी केली. शहरभर ती नसीम मॅडमच्या चलाखीची गोष्ट म्हणून फिरली आणि आजही तशीच फिरते.

प्रयोगशाळा वाचली. मात्र कोणाला विज्ञानाचे महत्त्व पटले म्हणून ती वाचली, असे म्हणता येत नाही. त्या दुपारी मुलांनी कप गालाला लावून काढलेले फोटो घरी गेले. पालकांनी क्लासकडे अशाच आणखी दिवसांची मागणी केली. दोन महिन्यांत क्लासच्या फलकावर ‘स्वतःच्या हाताने प्रात्यक्षिक!’ असे मोठ्या अक्षरांत आले, खाली कपासह हसणारा मुलगा. अभ्यासिका गच्चीवर पत्रे टाकून झाली. मी मॅडमना फलकाबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “धक्का कोणी का देईना. रिॲक्शन चालू झाली ना?”

काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ सभागृहात न करता प्रयोगशाळेत करा आणि भाषणांऐवजी बटाटा शिजवा, एवढीच त्यांची अट होती. नानासाहेब आता थकले होते, पण आले. त्यांनी पहिल्या रांगेत खुर्ची घेतली. साळुंके सरांनी प्रास्ताविक केले आणि मॅडमच्या घडणीत संस्थेचा वाटा किती मोठा होता ते सांगितले. जहीरभाई मागे बसले होते. ते सगळे शोषून घेत होते.

घमेले, चुना, डबा अशी सगळी मांडामांड देवकते मामांनी केली होती. ते एरवीपेक्षा निर्धास्त दिसत होते. मॅडमनी तांब्या ओतला.

कुजबुज झाली नाही. फुसफुसही नाही. एका कडेला थोडा बुडबुडा आला आणि विरला. चुना लोण्यासारखा मऊ पसरला. त्याला पाणी आधीच पाजलेले होते. सकाळी कधीतरी, कोणी नसताना, सावकाश. त्यातली सगळी उष्णता केव्हाच निघून गेलेली होती आणि आता त्यातून कुठलाही खडा कोणाच्या हातावर उडणार नव्हता.

मॅडम घमेल्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी देवकतेंकडे पाहिले. देवकते खिडकीतून बाहेर बघत होते.

“शिजला का बटाटा?” नानासाहेबांनी विचारले.

मॅडमनी उजव्या हाताची पाठ डब्याला लावली. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि हवेत झाडला.

“या अल्ला! चटका बसला!”

टाळ्या पडल्या. देवकतेंनी श्वास सोडला. मॅडमनी डबा उघडला, अंडे रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, “हे घरी जाऊन खाईन. आमच्या उष्माग्राहींना अर्धं.”

लोक चहाकडे वळले तेव्हा मी डब्याला हात लावला. तो गार होता.

“चांगलं शिजलं असंल न्हाय?” देवकते शेजारी येऊन हळूच म्हणाले.

“मॅडमनी सांगितलं ना,” मी म्हणालो.

मी गच्चीच्या जिन्यात उभा राहून मॅडमना जाताना पाहिले. जहीरभाई स्कूटीवर मागे बसले होते, मांडीवर श्रीफळ. मॅडमनी स्कूटी सुरू केली, मग पुन्हा बंद केली. पर्समधून रुमाल काढला, अंडे कानाशी धरून हलवले आणि एकट्याच हसल्या. जहीरभाईंनी काहीतरी विचारले. त्यांनी मान हलवली. अंडे पुन्हा जपून गुंडाळून, पर्स सरळ करून मांडीवर घेतली आणि निघाल्या.

वॉचमन सवयीने गतिरोधकापासून दोन पावले मागे सरकला होता. मॅडमनी ब्रेक दाबला. स्कूटी जवळजवळ थांबली. आधी पुढचे चाक सावकाश वर चढले आणि उतरले, मग मागचे.

वॉचमन बघतच राहिला. स्कूटी रस्त्याला लागली.